न्यूयॉर्कच्या दोन टीम उठून गेल्या

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मायला नाही, कॉलेजातल्या मित्रांना नाही. ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तो आमच्या घरापासून दोन दारं सोडून राहतो — त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. सोपं जात नाही. सकाळपासून दोन पानं लिहून फाडली. पहिल्या पानावर मी स्वतःला फार चांगला करून ठेवलं होतं, दुसऱ्यावर फार वाईट. दोन्हींत मी कुठे नव्हतो.

गोष्ट तशी क्षुल्लक आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात बेसबॉल नावाच्या खेळाच्या मोठ्या टीम किती — एवढीच. हसू येतं ना? मलाही कधी कधी येतं. तो खेळ मी पाहिलेला नाही. भिलाईत रशियन साहेब आहेत, पंजाबी ठेकेदार आहेत, बंगालचे, आंध्रचे, केरळचे लोक आहेत. पण तो खेळ डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्याच्यामुळेच — नाही. त्याच्यामुळे नाही. माझ्यामुळे. हे बघा, दोन परिच्छेद झाले नाहीत तोच मी दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला लागलो.

नीट सांगतो.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, तुमसरच्या बाजूचे. बाबा इथे आले तेव्हा पोलादाचा प्लांट म्हणजे मुरमाचं रान आणि त्यात ठोकलेल्या खुंट्या, एवढंच होतं म्हणतात. ते खलाशांच्या टोळीत आहेत — जड लोखंड दोरखंडांनी वर चढवायचं आणि जागेवर बसवायचं. सही करता येते. त्यापलीकडे अक्षर येत नाही. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिला, कॉलेजात गेलेलाही मीच. दुर्गच्या कॉलेजात मी सायकलने जातो. पहिल्या दिवशी बाबांनी सायकलला हार घातला होता. सायकलला, मला नाही. मला घालायला लाजले असतील.

आणि भोजराज. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचं गाव आमच्या गावापासून चार कोसांवर. वडील नाहीत, आई आणि तो, दोघंच कामगारांच्या कॅम्पमध्ये आमच्या ओळीत राहतात. इंग्रजीत दोनदा मॅट्रिक नापास झाला आणि स्टोअरयार्डात लागला. काम काय, तर बाहेरून आलेल्या यंत्रांच्या पेट्या फोडणे. पेटीवरच्या लोखंडी पट्ट्या कापायच्या, सब्बलीने फळ्या उचकटायच्या, खिळे काढायचे. पट्टी कापताना ती सापासारखी उसळते. त्याच्या दोन्ही मनगटांवर तिचे व्रण होते — अजून आहेत.

बहुतेक पेट्या रशियातून यायच्या. पण माती उकरणाऱ्या काही यंत्रांचे सुटे भाग अमेरिकेतून यायचे, आणि ते हलू नयेत म्हणून भोवती जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले असायचे. बाकीचे लोक ते बोळे शेकोटीत टाकत. भोजराज जेवणाच्या डब्यात भरून घरी आणायचा. मग पितळी लोट्यात चुलीतले निखारे भरून, त्या लोट्याने तो एकेक बोळा इस्त्री करायचा — लग्नाचं धोतर असल्यासारखा. यंत्राला लावलेल्या तेलाने कागदावर डाग पडलेले असत. त्या डागाच्या जागी कागद आरपार दिसे. दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळून जात. इस्त्री झाली की कणकेच्या खळीने तो कागद एका बाद झालेल्या रजिस्टरात चिकटवायचा.

त्या रजिस्टरातून आम्हाला जगाची माहिती झाली. आम्हाला म्हणजे त्याला आणि मला. नायगाराचा धबधबा, पाण्याखाली राहणारी बोट, पोलिओची लस, दाढीचा साबण. पण सगळ्यांत जास्त काय निघायचं, तर बेसबॉल. कोण जाणे का — बहुधा पेट्या भरणारे लोक खेळाचं पान आधी वाचून संपवत असतील.

खेळ कसा खेळतात हे आम्हाला धड कळलं नव्हतं. भोजराज म्हणे, "गिल्ली-दांडूच हाये बे. दांडू आपला, गिल्ली त्यायची गोल." पण टीमचा इतिहास त्याला पाठ होता. नुसतं खेळायचे पगार घेणारी पहिली टीम सिनसिनाटी गावात निघाली, अठराशे एकोणसत्तर साली — हे तो अशा थाटात सांगायचा, जणू तो तिथे पाणी वाटायला होता. आणि त्याला खरं वेड होतं ते टीमच्या गाव सोडण्याचं. एखादी टीम पन्नास-पन्नास वर्षं एका गावात खेळते, आणि एका वर्षी सामानसुमान बांधून दुसऱ्या गावी जाते. बोस्टनची मिलवॉकीला. सेंट लुइसची बाल्टिमोरला. फिलाडेल्फियाची कॅन्सस सिटीला. तो बोटांवर मोजायचा आणि शेवटी म्हणायचा, "आपल्यावानीच."

मोठी वाक्यं त्याला जड जात. नावं आणि आकडे तो पटकन उचलायचा, पण वाक्य लांबलं की अडायचा. मग कागद घेऊन माझ्याकडे यायचा. "वाच नं भाऊ, तू कालेजवाला." मी वाचायचो, मराठी करून सांगायचो. एकदाच. दुसऱ्यांदा त्याला लागत नसे. मी वाचलेलं मी विसरायचो, आणि ते त्याच्या डोक्यात राहायचं. तुम्हाला कधी असं झालं आहे का — की पाणी तुम्ही ओढलं आणि झाड दुसऱ्याच्या अंगणात वाढलं?

आता ते सांगायला हवं जे मला सांगायचं नाही.

संध्याकाळी बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन बाजेवर बसत, आणि भोजराज समोरून जाताना दिसला की हाक मारत. "ये रे भोजू, सांग आज का निघालं पेटीतून." आणि तो सांगायचा. बाबा मांडीवर थाप मारून हसायचे. दिवसभर दोरखंड ओढून आलेल्या माणसाचा चेहरा असा उजळलेला मी दुसऱ्या कशाने पाहिला नव्हता. एकदा शेजारचे दोघं-तिघं बसलेले असताना बाबा म्हणाले, "माह्या दिनूले कालेज भेटलं अन् भोजूले अक्कल. देवानं बराबर वाटप केलं पहा." सगळे हसले. भोजराज म्हणाला, "नाई जी काकाजी, दिनूच वाचून देते सारं." तेही खरं होतं, आणि त्याने ते मनापासून म्हटलं होतं. त्यानेच मला जास्त लागलं.

बाबांनी मला कधी काही विचारलं नाही. एकदाही नाही. मी त्या वर्षी तर्कशास्त्र शिकत होतो, नागरिकशास्त्र शिकत होतो. विचारतील म्हणून मी मनात उत्तरं तयार करून ठेवायचो. पण कॉलेजातली विद्या ही त्यांना देवघरातल्या वस्तूसारखी वाटत असावी — तिला हात लावायचा नाही. भोजराजची विद्या पेटीतून निघायची, ग्रीसच्या वासाची होती. ती त्यांची होती. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळायचं की माझा बाप माझ्या दारात बसून दुसऱ्याच्या मुलाकडे बघून हसतो.

मी जळायचो. दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही सापडला. त्याच्या तोंडून एखादी चूक निघावी म्हणून मी कान लावून बसायचो. कधी कधी त्याला वाचून दाखवताना मुद्दाम एक ओळ गाळायचो — काही कारण नाही, नुसतं माझ्याकडे एक ओळ जास्त राहावी म्हणून. तो मान हलवून घरी जायचा आणि त्याला ठाऊक नसलेली ती एक ओळ मी रात्रभर जवळ बाळगायचो. ती ओळ कशाबद्दल होती हेही दुसऱ्या दिवशी मला आठवत नसे.

त्या उन्हाळ्यात एक मोठा कागद निघाला. वरचा भाग फाटलेला, पण बातमी पूर्ण. मी तो आमच्या अंगणात, बाबांच्या देखत, मोठ्याने वाचला. न्यूयॉर्क शहरात तीन टीम होत्या. त्यांतल्या दोन एकाच वेळी उठून गेल्या — एक, जी ब्रुकलिन भागात खेळायची, ती लॉस एंजेलिसला; दुसरी सॅन फ्रान्सिस्कोला. उरली एक. सोबत एक फोटो होता: कुलूप लावलेल्या फाटकासमोर टोपी घातलेला एक म्हातारा उभा आहे, दोन्ही हात खिशात.

भोजराज किती तरी वेळ त्या फोटोकडे बघत बसला. बाबा बाजेवरून वाकून म्हणाले, "मंग जुन्या गावचे लोक का करतात? ज्यायची टीम गेली ते?"

"काई नाई जी, काकाजी. असे फाटकापाशी येऊन उभे राहतात."

बाबा पुन्हा सरळ बसले. मला वाटतं त्यांना आमचं गाव आठवलं असेल. त्या दिवशी भोजराज कागद माझ्याकडेच ठेवून गेला. म्हणाला, सगळ्या गावांची नावं मराठीत लिहून दे, मग चिकटवतो. मी तो माझ्या तर्कशास्त्राच्या वहीत ठेवला.

आता पाटणकर साहेब. ते पुण्याकडचे, इंजिनिअर. प्लांटच्या कामासाठी त्यांना शिकायला अमेरिकेला पाठवलं होतं आणि ते सत्तावनच्या उन्हाळ्यात परत आले होते. मनाने वाईट नव्हते. आमच्या कॅम्पातल्या मराठी लोकांच्या गणपतीला येत, वर्गणी देत, पोरांना अमेरिकेच्या गोष्टी सांगत. त्यांच्या हाताखाली यंत्रांचे कॅटलॉग आणि नकाशे ठेवायची एक खोली होती. हजारो कागद, इंग्रजी आणि रशियन, आणि हवा तो कागद वेळेवर सापडत नसे. तिथे त्यांना एक माणूस हवा होता. त्यांनी बाबांना सांगितलं होतं, "मॅट्रिक नापास असला तरी चालेल हो, डोकं पाहिजे. तुमच्या त्या भोजराजचं मी ऐकलंय. गणपतीत सामान्यज्ञानाची स्पर्धा ठेवलीय, तिथे बघतो त्याला."

म्हणजे त्याच्यासाठी काय होतं ते समजलं ना? पट्ट्या नाहीत, खिळे नाहीत. भिंतीपासून भिंतीपर्यंत छापलेला कागद, तोही बोळा न केलेला. त्याच्या आईने मारुतीला नारळ बोलला. आणि भोजराज — तो स्पर्धेच्या आधी चार दिवस रोज माझ्याकडे येऊन म्हणायचा, "इचार नं काई. कठीण इचार." मी विचारायचो. त्याला ते येत असे. मीही स्पर्धेत होतो. मला ती नोकरी नको होती, हे लक्षात घ्या. मला नोकरी नको होती. मला फक्त पाहिजे होतं की बाबा पुढच्या ओळीत बसलेले असताना तो हरावा.

मांडवात गर्दी होती. रेल्वेतले मराठी लोक दुर्गहून आले होते. पावसाने ताडपत्रीला झोळ पडला होता आणि कोणी तरी मधूनमधून काठीने तिच्यातलं पाणी ढकलत होतं. आम्ही चौघं बाकावर. दोघं लवकर गळाले. उरलो तो आणि मी, सारख्या गुणांवर. पाटणकर साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, आता शेवटचा प्रश्न, माझ्या आवडीचा. आधी भोजराजला, त्याचं चुकलं तर दिनकरला.

"न्यूयॉर्क शहरात बेसबॉलच्या मोठ्या, पगारी खेळाडूंच्या टीम किती?"

भोजराज हसला. त्याला विश्वासच बसेना की हा प्रश्न आला. "एक, साहेब."

"चूक. तीन."

"पहिले तीन होत्या, साहेब. दोन उठून गेल्या. एक लॉस एंजेलिसले, एक सॅन फ्रान्सिस्कोले."

साहेब हसले, रागावले नाहीत. "अरे, ब्रुकलिनच्या मैदानात मी स्वतः बसलोय. शेंगा खाल्ल्यात तिथे. टीम म्हणजे काय सर्कस आहे, तंबू काढून निघायला?"

मांडव हसला. मागून कोणी ओरडलं, "अबे भोज्या, मैदान का डोक्शावर घेऊन गेले का?" पुन्हा हसू. भोजराजचे कान लाल झाले. पण तो खाली बसला नाही. तो म्हणाला, "साहेब, पेपरात हाये. तुमी तिथून आल्यावरचा पेपर हाये." आणि मग तो माझ्याकडे वळला — किती भरवशाने वळला! — "दिनूले इचारा. यानंच वाचून देल्ला मले."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय रे दिनकर? तू वाचलंस असं काही?"

तर्कशास्त्राची वही माझ्या मांडीवर होती. मी ती कशाला नेली होती? कॉलेजवाला दिसावं म्हणून. कागद तिच्यात होता. फक्त वही उघडायची होती. बोलायचीही गरज नव्हती. त्याचा एक कोपरा वहीच्या बाहेर आलेला मला दिसत होता, तेलाच्या डागाचा.

मी त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला आणि म्हणालो, "मला आठवत नाही, साहेब."

घाबरलो होतो का? साहेबांसमोर बोलायची भीती वाटली का? इतकी वर्षं मी स्वतःला तसं सांगून पाहिलं आहे. भीती नव्हती. आवाज अगदी स्वच्छ निघाला. आत कुठे तरी थंडगार, गोड वाटलं — उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. ते गोड वाटणंच मला कबूल करायचं आहे. बाकीचं कोणीही माफ करू शकेल.

"मग तू सांग," साहेब म्हणाले. "किती?"

"तीन."

टाळ्या पडल्या. मला बक्षीस म्हणून जाडजूड इंग्रजी शब्दकोश मिळाला. भोजराज बाकावर बसून राहिला होता. तो माझ्याकडे रागाने बघत नव्हता. तो कपाळाला आठ्या घालून बघत होता, जसा लांब वाक्य आलं की बघायचा — अडलेलं कुठे आहे ते शोधत.

मांडवातून निघताना साहेब बाबांना म्हणाले ते मी ऐकलं. "पोरगा हुशार आहे हो, पण खोटं रेटतो. चुकलो म्हणाला असता तर घेतला असता. कागदपत्रांच्या कामात खोटं रेटणारा माणूस चालत नाही."

पुढच्या महिन्यात ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

दुसऱ्या दिवशी भोजराज आमच्याकडे आला. दारातच उभा राहिला. "दिनू, तो कागद देतं का? साहेबाले नेऊन दाखवतो. आताच गेलो तं आयकतीन."

मी म्हणालो, हरवला. कॉलेजात वही कोणी नेली होती, तेव्हा पडला असेल.

हे दुसरं खोटं. याला तर मांडव नव्हता, टाळ्या नव्हत्या. समोर तो एकटा, आणि आत माझ्या पुस्तकांच्या पेटीत कागद. पहिल्या वेळी तोंडातून निघून गेलं असं तरी म्हणता येईल — या वेळी? पूर्ण रात्र मधे गेली होती.

तो म्हणाला, "बरं. आठवत नसंन तुले. लय वाचतं नं तू, का का ध्यानात ठेवशीन." आणि गेला. त्याला खरंच तसं वाटलं, की त्याने मला सुटायला जागा करून दिली? चार वर्षं मी याचा विचार करतो आहे. दोन्हींपैकी काय जास्त वाईट, हेही मला ठरवता आलेलं नाही.

कॅम्पात त्याचं नाव "न्यूयॉर्क" पडलं. "काय न्यूयॉर्क, आज कोणती टीम पळाली?" तो सुरुवातीला हसायचा. मग त्याने पेपर आणणं बंद केलं. बोळे शेकोटीत टाकू लागला, इतरांसारखे. रजिस्टराचं काय झालं ते मी एका सकाळी पाहिलं: त्याची आई त्यातली पानं फाडून चूल पेटवत होती. तेलकट कागद, लगेच पेटतो. मी सायकल काढली आणि कॉलेजात गेलो.

आणि बाबा. तुम्ही विचार करत असाल — बाबांच्या देखत वाचला होता ना तो कागद? हो. त्यांनी ऐकला होता. जुन्या गावच्या लोकांबद्दल त्यांनीच विचारलं होतं. मांडवात मी "आठवत नाही" म्हणालो तेव्हा पुढच्या ओळीत बाबा अर्धे उठले होते. मी पाहिलं. गुडघे वाकलेले, एक हात पुढच्या खांबावर. मग ते हळूच खाली बसले. ते का बसले, हे त्यांचं त्यांच्यापाशी. त्यांच्या बसण्याने माझा दोष काही कमी होत नाही.

त्या दिवसापासून त्यांनी भोजराजला हाक मारून बोलावलं नाही. संध्याकाळी बाजेवर बसतात आणि प्लांटच्या धुराकडे बघतात. मला वाटलं होतं, तो गेला की ती जागा माझी होईल. मी शब्दकोश घेऊन समोर बसायचो. एकदा मीच म्हणालो, "बाबा, काही विचारा ना." ते म्हणाले, "का इचारू बाबू. तुले तं सारंच आठवते." आणि आत जेवायला गेले.

त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

आता मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात कॉलेजच्या वाचनालयात एक अमेरिकन मासिक चाळताना एक पान समोर आलं. न्यूयॉर्कला नवी टीम मिळाली आहे. आता तिथे दोन आहेत. आणि ब्रुकलिनचं ते मैदान पाडून टाकलं. त्या जागी लोकांना राहायला मोठमोठ्या इमारती बांधल्या. म्हणजे क्वार्टर. पाटणकर साहेबांनी शेंगा खाल्लेली जागा आता कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असेल.

तुम्हाला काय सांगू, मला केवढा आनंद झाला! पहिला विचार आला तो हाच, की भोजराजला सांगू. मैदान पाडून क्वार्टर बांधले हे ऐकून तो कसा हसेल, आणि म्हणेल — "आपल्यावानीच." दुनियेत हे सांगण्यासारखा तोच एक माणूस आहे. मी ती बातमी वहीत उतरवून घेतली आणि त्याच संध्याकाळी त्याच्या दारात गेलो.

तो बाज विणत होता. आता यार्डात मुकादम झाला आहे. लग्न ठरलं आहे. मला बघून सरकून जागा केली.

"ये दिनू. का म्हणतं?"

मी तोंड उघडलं. आणि तेव्हा मला कळलं. न्यूयॉर्कला आता दोन टीम आहेत म्हणायचं, तर आधी एक होती हे म्हणावं लागेल. एक होती म्हणायचं, तर मला ते आठवतं हे म्हणावं लागेल. त्या दिवशी मी त्याची नोकरी घालवली एवढंच मला वाटत होतं. पण हे सगळं बोलायची जागाच मी दोघांसाठी कुलूप लावून बंद केली होती.

"काही नाही," मी म्हणालो. "असंच आलो."

त्याने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. "काई वाचाले आणलं का?"

"नाही."

तो दोरी ओढू लागला. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो, वही काखेत धरून, दोन्ही हात खिशात घालून, आणि मग घरी आलो.

आज बाबा पहिल्या पाळीला गेले आहेत. माय नळावर आहे. शब्दकोशातून तो कागद काढून मी टेबलावर ठेवला आहे; त्याला अजून ग्रीसचा वास येतो. ज्या कोपऱ्यावर मी हात ठेवला होता तिथे डागातून दोन्ही बाजूंची अक्षरं दिसतात. गावांची नावं मराठीत लिहून द्यायची राहिली होती, ती आज मी बाजूला लिहिली. लॉस एंजेलिस. सॅन फ्रान्सिस्को.

उत्तर एक होतं. मला आठवत होतं.